म्हाताऱ्या कातडीचं तेलपाणी

सिंगापूरच्या तांजोंग पगारमध्ये नील रोड आणि क्रेग रोड जिथे मिळतात, त्या कोपऱ्यावर एंग आउन तोंग नावाची जुनी इमारत आहे. १९२०च्या दशकात ऑ बून हॉ आणि ऑ बून पार या भावांनी रंगूनमधल्या वडिलांच्या औषधधंद्याचा पसारा सिंगापुरात आणला आणि इथे टायगर बामचा कारखाना थाटला. कारखाना केव्हाच हलला, इमारत राहिली. तो षटकोनी काचेचा डबा मात्र महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पोचला. सिंगापूरहून येणाऱ्या माणसाने काय आणायचं, याचं एकेकाळी ते ठरलेलं उत्तर होतं.

बाममध्ये कापूर, मेंथॉल, लवंगेचं आणि कायपुटीचं तेल असतं. औषध दुखऱ्या सांध्यास्नायूंचं. पण म्हातारी माणसं ते खाजेवरही चोळतात, आणि त्यांना क्षणभर बरं वाटतं ते खोटं नव्हे. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर थंडी ओळखणारे संवेदक असतात. मेंथॉल त्यांनाच चेतवतं आणि मेंदूला थंडावा कळतो. हे संवेदक ओळखणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना २०२१चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. थंडाव्यापुढे खाज मागे सरते. तासाभरात थंडावा ओसरतो आणि कोरडी कातडी होती तशीच राहते. खाजवून ओरबाडलेल्या जागी तर तोच बाम आगीसारखा झोंबतो.

या भागातल्या उंच इमारतींमधून नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींकडे आईवडील येतात, काही महिने राहतात. विमानतळावर उतरतात तेव्हा ठणठणीत असतात. दोनतीन आठवड्यांनी तक्रार सुरू होते: नडग्या खाजतात, पाठीचा हात न पोचणारा भाग खाजतो, अंथरुणावर पडलं की सगळं अंगच खाजतं. मुलगी म्हणते, ‘आई, खाजवू नकोस गं.’ सून म्हणते, ‘अहो आई, नखं लागतील.’ आई हात मागे घेतात आणि सगळे झोपल्यावर पुन्हा खाजवतात. घरोघरी जाऊन वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या प्रस्तुत लेखिकेला या तक्रारीतला सगळ्यात जड भाग खाज वाटत नाही, संकोच वाटतो. आपल्याला काही घाण रोग झालाय, या भीतीने म्हातारं माणूस ते लपवतं. म्हणून या कामाची सुरुवात तेलाने होत नाही, दिवा लावून, चष्मा घालून अंग नीट पाहण्याने होते.

वय वाढतं तशी कातडीतली चरबी घटते, तैलग्रंथी आणि घामाच्या ग्रंथी मंदावतात. सारवण थांबलेली जमीन जशी भेगाळते, तशी नडगीवरची कातडी बारीक रेघांनी तडकते. त्या फटींतून पाणी उडून जातं, साबण आणि धूळ आत शिरतात, मज्जातंतू चिडतात. खाजवलं की फटी रुंदावतात आणि चक्र पुढे चालू राहतं. रात्री कातडीचं तापमान थोडं वाढतं, मन दुसऱ्या कशात गुंतलेलं नसतं. म्हणून रात्र वैरीण.

पण सिंगापूर तर दमट! बाहेरच्या हवेतली सरासरी आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर. इथे कातडी कोरडी पडते कशी, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. उत्तर खिडकीच्या आत आहे. आईवडील दिवसाचे वीस तास एसीत असतात, आणि एसी हवा गार करतानाच तिच्यातलं पाणी काढून घेतो. त्यात चिकचिक वाटते म्हणून दिवसातून दोनदा-तीनदा कढत पाण्याची साबण लावून आंघोळ. एक सोपी खूण आहे. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. खोलीतल्या बाटलीत तेल पांढरं झालं असेल, तर आधी एसीचा आकडा दोनतीन अंशांनी वर न्यावा आणि गार झोत अंथरुणावरून हटवावा. निम्म्या घरांत पहिला फरक एवढ्यानेच दिसतो, असं लेखिकेचं मत आहे.

आता तेल. खोबरेल हे काही आजीबाईचं नुसतं समाधान नाही. २००४ मध्ये फिलिपिन्समधल्या दोन त्वचातज्ज्ञांनी कोरड्या कातडीच्या ३४ रुग्णांवर शुद्ध खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. कोणाला काय दिलंय हे रुग्णांनाही ठाऊक नव्हतं, तपासणाऱ्यांनाही नाही. दोन्ही सारखीच उपयोगी ठरली. म्हणजे खोबरेल खनिज तेलापेक्षा सरस नाही, आणि कमीही नाही. इथे ते सेरंगून रोडच्या टेक्का मार्केटपासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत कुठेही मिळतं.

सगळी तेलं मात्र सारखी नसतात. ‘नैसर्गिक’ या शब्दावर भिस्त ठेवून घरात असेल ते ऑलिव्ह तेल लावणारे बरेच आहेत. २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या संशोधकांनी दाखवलं की ऑलिव्ह तेलाने प्रौढांच्या कातडीचं संरक्षक कवच कमकुवत होतं. सूर्यफूल तेलाने ते टिकतं. मोहरीचं तेल चुरचुरतं, म्हाताऱ्या कातडीला ते देऊ नये. करंजेल खरजेवरचं जुनं औषध, पण उग्र. अख्ख्या अंगाला रोज चोळण्याची ती गोष्ट नव्हे.

कोकणातल्या घरांतून येणाऱ्या सामानात कधीकधी कागदात गुंडाळलेला पिवळट-करडा गोळा निघतो. कोकमाचं तेल: कुठे मुठेल, गोव्यात भिरंडेल. कोकमाच्या बिया वाळवतात, फोडून आतला गर कुटतात, पाण्यात उकळतात, वर तरंगलेली चरबी काढून हाताने वळतात. तिच्यात स्टिअरिक आम्ल भरपूर, म्हणून ती सिंगापूरच्या उष्म्यातही घट्ट राहते आणि अंगाच्या उबेने हळूहळू विरघळते. भेगाळलेल्या टाचांवर पिढ्यान्‌पिढ्या लावलेलं हे तेल नडग्यांवरही सुरेख बसतं. गोळा तळव्यांत घोळवून मऊ करायचा, मग लावायचा. खोबरेल पसरतं, मुठेल टिकतं. ओलसर अंगावर आधी खोबरेल, मग खरखरीत जागी मुठेल, असा क्रम लेखिकेच्या हाताला पटला आहे. आमसुलाचा कोळ मात्र वेगळा. अंगावर पित्त उठतं तेव्हा तो लावण्याची आपली रीत आहे. कोरड्या, तडकलेल्या कातडीवर तो आंबट कोळ फक्त झोंबतो.

लावण्याची रीत तेलाइतकीच महत्त्वाची. आंघोळ कोमट पाण्याने, पाचदहा मिनिटांची. साबण काखेत, जांघेत, पावलांना. हातपायांना नुसतं पाणी. दिवाळीचं उटणं दिवाळीत छान, पण रोजच्या रोज ते किंवा डाळीचं पीठ घासलं तर उरलीसुरली चरबीही निघून जाते. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याचंही तसंच, ते कोरडं करतं. अंग टिपायचं, रगडायचं नाही, आणि कातडी ओलसर असतानाच तेल किंवा मलम लावायचं. केसांच्या दिशेने, खाली. उलटं चोळलं तर केसांची मुळं बुजून पुळ्या येतात. दिवसातून दोनदा, आणि हात आखडता न घेता. सगळ्या अंगाला दोनदा मलम लावायचं तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास लागतं. बोटभर ट्यूब महिनाभर पुरवणाऱ्या घरात गुण येत नाही आणि दोष मलमावर जातो.

या रोजच्या पंधरावीस मिनिटांत आणखी एक गोष्ट घडते. परक्या शहरात दिवसभर बंद खोलीत बसलेल्या माणसाच्या पाठीवर कोणाचा तरी हात फिरतो. आई गावाकडचं बोलू लागतात, गुडघ्याचं दुखणं सांगतात, कधी औषधाची गोळी चुकल्याचंही कळतं. हे काम शक्यतो मदतनीस बाईवर सोडू नये, घरातल्या कोणीतरी आठवड्यातून काही दिवस तरी करावं, असं लेखिकेला मनापासून वाटतं.

दोन धोके आधीच सांगायला हवेत, कारण बाटलीवर ते क्वचितच लिहिलेले असतात. पहिला, घसरणं. न्हाणीघरात तेल लावू नये. पलंगावर बसवून, खाली जुनी चादर टाकून लावावं आणि तळपाय पुसूनच उभं करावं. इथल्या सरकारी गृहसंकुलांसाठी २०१२ पासून ‘ईझ’ योजना आहे. तीत पात्र ज्येष्ठांच्या घरी न्हाणीची फरशी घसरणार नाही अशी करून देतात, आधाराचे दांडे बसवतात. स्वतःचं सरकारी घर असलेल्यांनी ती घ्यावी. दुसरा धोका आगीचा. तेल-मलम मुरलेलं कापड चटकन पेट घेतं. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये तसा इशारा दिला, आणि तो फक्त पॅराफिनच्या मलमांपुरता नव्हता. अंगाला तेल लावून, सुती साडीचा पदर सावरत निरांजन ओवाळणाऱ्या आईंना हे शांतपणे समजावून सांगावं. पूजा आधी, तेल नंतर.

बाह्य उपायांपलीकडे पोटातली औषधं येतात, आणि तिथे पावलं जपून टाकावी लागतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात खाज शमवणाऱ्या दहा द्रव्यांचा गट आहे: चंदन, जटामांसी, बहावा, करंज, कडुनिंब, कुडा, मोहरी, ज्येष्ठमध, दारुहळद, नागरमोथा. तांजोंग पगारला लागूनच असलेल्या चायनाटाउनमधल्या चिनी वैद्याकडे गेलं, तर तो वृद्धाच्या कोरड्या खाजेला रक्त क्षीण होऊन अंगात उठलेला ‘वारा’ म्हणतो. आपला वैद्य म्हातारपणी वाढलेल्या वाताचं नाव घेतो. समुद्राच्या दोन काठांवर वाढलेल्या या दोन परंपरांना म्हाताऱ्या कातडीत वाराच दिसावा, आणि दोघींनी स्निग्धतेकडे वळावं, हे मोठं विलक्षण आहे. जवळच चिन स्वी रोडवर थोंग चाय ही संस्था आहे. १८६७ मध्ये सुरू झालेली ही संस्था जातधर्म न पाहता गरिबांना फुकट चिनी औषधोपचार देत आली.

पण याच शहराचा एक धडा ध्यानात ठेवावा. दारुहळदीत बर्बेरिन नावाचं द्रव्य असतं, चिनी ‘ह्वांग ल्येन’ मुळीतही तेच. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना त्याने कावीळ होते या चिंतेने सिंगापूरने १९७८ मध्ये बर्बेरिनयुक्त वनस्पतींवर बंदी घातली. ती पुढे टप्प्याटप्प्याने उठली. चिनी वैद्यकातलं लाडकं मूळ ‘दांग क्वै’ हे वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर घेतलं तर रक्तस्राव वाढू शकतो, आणि ती गोळी घेणारे वृद्ध घरोघरी आहेत. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन भागातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. हे सांगण्यात आयुर्वेदाचा अवमान नाही. ज्या शास्त्राने दहा द्रव्यं निवडून एका गटात बसवली, ते कुठल्याही पुडीतली कुठलीही भुकटी गिळायला सांगत नाही.

सगळ्यात फसवं असतं ते दोन दिवसांत खाज घालवणारं ‘हर्बल’ मलम. इथल्या औषध नियंत्रक हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटीचं कार्यालय आउट्रम रोडवर, तांजोंग पगारपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पारंपरिक म्हणून विकल्या जाणाऱ्या मलमांत न सांगता तीव्र स्टेरॉइड मिसळल्याचे इशारे या संस्थेने वारंवार दिले आहेत. असं मलम म्हाताऱ्या, आधीच कागदासारख्या झालेल्या कातडीला आणखी पातळ करतं. गुंगी आणणारी ॲलर्जीची गोळीही तशीच. कोरडेपणाच्या खाजेवर तिचा उपयोग थोडा आणि रात्री उठताना तोल जाऊन पडण्याचा धोका मोठा. फोड-पुरळावर उपयोगी पडणारं कॅलामाइनही कोरड्या अंगाला आणखी सुकवतं.

काही खाजा तेलाच्या नसतातच. अंगावर काही न दिसता सगळीकडे खाज असेल, तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, लोह यांची रक्ततपासणी हवी. क्वचित रक्ताचा किंवा लसिकाग्रंथींचा गंभीर आजार असाच सुरू होतो. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर खाज आणि घरात आणखी कोणाला तीच तक्रार, तर खरूज समजावी. तिला औषध आहे आणि ते घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यावं लागतं. सत्तरीनंतर आठवडेच्या आठवडे खाज आणि मग टणक फोड, तर तो पेम्फिगॉइड हा कातडीचा आजार असू शकतो. रक्तदाबाच्या काही गोळ्याही खाज आणतात. डॉक्टर सहा आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खाजेला जुनाट म्हणतात. लेखिकेच्या मते वृद्धांच्या बाबतीत तेवढी वाटही पाहू नये. दोन आठवडे नीट तेलपाणी करून झोप परतली नाही, वजन घटतंय, डोळे पिवळे दिसतात किंवा फोड आले, तर थांबू नये. आउट्रमला सिंगापूर जनरल हॉस्पिटल आहे, मँडले रोडवर १९८८ पासून नॅशनल स्किन सेंटर आहे. आधी जवळच्या पॉलिक्लिनिकमध्ये दाखवलं तरी चालतं.

जाताना एक करा. आईबाबा घेत असलेल्या सगळ्या गोळ्या, गावाहून आणलेली चूर्णं, चायनाटाउनमधून घेतलेल्या पुड्या, लावलेली तेलं आणि मलमं, झाडून सगळं एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा. त्यातलं एकही लाजून घरी ठेवू नका.