भिंतींतला नळ

वाशीमच्या जुन्या वस्तींत आमचें एक वडिलोपार्जित घर आहे. तें पाहावयास येणारा मनुष्य प्रथम सागवानी तुळईवर टिचकी मारतो, मग भिंतीची जाडी वितीनें मोजतो आणि अंगणांतील आडांत डोकावून पाण्याची चौकशी करतो. नळाविषयीं कोणी विचारीत नाहीं. तोटी फिरविली व धार आली कीं नळाची परीक्षा संपली, असा सर्वांचा समज दिसतो.

हें घर बांधलें गेलें तेव्हां त्यांत नळ नव्हता. वाशीम म्हणजे जुनें वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पद्मतीर्थासारखीं तळीं आणि घरोघरचे आड यांवर गांवाची तहान भागत असे. पुढें नळ आले. आतां शहरास एकबुर्जीच्या धरणाचें पाणी मिळतें. अशा घरांत नळ हा मागाहून आलेला पाहुणा. मातीच्या भिंतींत खांच पाडून त्यास आंत बसविलें, वरून गिलावा केला आणि पुढच्या दोन पिढ्या त्यास विसरून गेल्या.

हे नळ लोखंडाचे, जस्ताचा मुलामा दिलेले. बाजारांत त्यांस 'जीआय' म्हणतात. जस्ताचा गुण असा कीं तें आधीं स्वतः झिजतें व तोंवर लोखंडास गंजूं देत नाहीं. परंतु नळाचे तुकडे जोडावयाचे तर टोकांस आटे पाडावे लागतात, आणि आटे पाडतांना नेमका तेथलाच मुलामा कापला जातो. म्हणून गंजाचा आरंभ बहुधा सांध्यांतून होतो. त्यांत पाणी जड असलें म्हणजे क्षाराचा थर आंतून बसूं लागतो. अर्ध्या इंचाच्या नळांत पाव इंचाची वाट उरली कीं पाणी निम्मेंच काय, चौथाईहूनहि कमी येतें. लोक म्हणतात, "हल्लीं नळाला जोर नाहीं," आणि दोष धरणास देतात!

गेल्या पावसाळ्यांत आमच्या नातीस कावीळ झाली. डॉक्टरांनीं औषधापेक्षां पाण्याचीच चौकशी अधिक केली. मुलगी बरी झाली, परंतु आमच्या मनास चैन पडेना. मिस्त्रीस बोलावून नळ उकरविला. गल्लींतून घरांत येणारा तुकडा गटाराच्या कांठाकांठानें आलेला, आणि उंबरठ्याजवळ तर हातभर गटारांतूनच गेलेला निघाला. मिस्त्रीनें पान्हा लावतांच सांधा बिस्किटासारखा तुटला. तुकडा हातांत घेऊन तो म्हणाला, "काका, ह्याच्यात आता लोखंड रायलं नाही, नुसता गंज उभा हाये." कावीळ ह्याच वाटेनें आली असें आम्हांस शपथेवर सांगतां येणार नाहीं, परंतु संशय फिटावा असें त्या खड्ड्यांत कांहींच दिसलें नाहीं.

फुटक्या नळांतून पाणी वायां जातें एवढेंच बहुतेकांस ठाऊक असतें. खरी भीति उलट बाजूनें आहे. नळ चोवीस तास भरलेला असला तर आंतील दाब घाण बाहेर ठेवतो. आमच्याकडे पाणी कांहीं दिवसांआड येतें. पुरवठा थांबला कीं नळ रिता होऊं लागतो, आणि रिता होणारा नळ भोंकांतून बाहेरचें जें असेल तें ओढून घेतो. पुढच्या वारीं पहिली धार येते ती हें सर्व घेऊन. त्यांत ज्याच्या त्याच्या तोटीस लावलेला टिल्लू पंप! तो तर मुख्य वाहिनींत पाणी असतांनाहि गटार शोषावयास मोकळा.

आमचे वडीलबंधु पुण्यास असतात. घर विकावें असें त्यांचें पुष्कळ दिवसांचें मत. त्यांनीं फोनवर विचारलें, "विकायच्या घराला नवा नळ कशाला? गळतंय तेवढं बांधून घे." आम्ही म्हणालों, "दादा, गिऱ्हाईक येईपर्यंत पाणी आम्हांलाच प्यायचं आहे." रबराची पट्टी व एम-सील यांची आम्हांस अवहेलना करावयाची नाहीं, एक रात्र निभावण्यास तीं उत्तम. परंतु कुजलेल्या लोखंडास एका जागीं आवळलें कीं तें दुसऱ्या जागीं सुटतें. सगळाच नळ बदलावयाचा ठरला. पैसे आम्हीच घातले. दादांनीं त्यानंतर आठ दिवस फोन केला नाहीं.

मग वाद निघाला नव्या नळाच्या जागेचा. सूनबाईंस तो पुन्हा भिंतींत पाहिजे होता. उघडा नळ घरास शोभत नाहीं म्हणून. येथें मात्र आम्ही हट्ट धरिला. पाणी झांकून नेण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, जमिनीखालून नहर आणिली. अठराव्या शतकांत नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजहून पुण्यास पाणी आणिलें. परंतु कात्रजच्या त्या कारागिरांनीं वाटेंत ठिकठिकाणीं उच्छ्वास उभे केले. त्यांतून कोंडलेली हवा सुटे आणि आंत काय चाललें आहे हेंहि कळे. आमच्या गिलाव्यास उच्छ्वास कोठून असणार? अखेर नवे सीपीव्हीसीचे नळ भिंतीवरूनच गेले. उन्हांत तो माल कालांतरानें ठिसूळ होतो, म्हणून अंगणांतल्या तुकड्यावर रंग चढविला. गटार ओलांडतांना नळ उंच उचलून दुसऱ्या मोठ्या नळांतून नेला.

जुना नळ काढतांना त्यास गुंडाळलेली एक तार सांपडली. घराची सारी अर्थिंग त्या गंजक्या लोखंडावर विसंबून होती! प्लास्टिकांतून वीज जमिनींत उतरत नाहीं. मिस्त्रीनें तार नुसती तोडून टाकली असती तर पाण्याची भीति गेली असती व विजेची आली असती. आडापलीकडे खड्डा खणून, कोळसा व मीठ भरून, निराळी अर्थिंग करविली. जुन्या घरांत नळ बदलणाऱ्या प्रत्येकानें ही तार आधीं शोधावी.

आतां प्रश्न गल्लीचा. आमचा नळ नवा झाला तरी पाणी मुख्य वाहिनींतूनच यावयाचें, आणि तिला शेजारच्या चार घरांचे जुने नळ जोडलेले. आम्ही चौघांकडेहि तो गंजका तुकडा घेऊन गेलों. दोघे तयार झाले आहेत. तिसऱ्या घरांत भाडेकरू राहतो व मालक नागपुरास असतो. चौथ्यांचें म्हणणें, दिवाळीनंतर पाहूं.