शेजारच्या मुलखातलं कपाट

नागपूरहून रायपूर जेमतेम तीनशे किलोमीटर. गोंदिया मागे पडलं की रान दाटतं, डोंगरगडला टेकडीवरचं बम्लेश्वरीचं देऊळ गाडीतून दिसतं, मग राजनांदगाव, दुर्ग आणि रायपूर. इतक्या जवळच्या मुलखातली पुस्तकं आपल्या घरांत इतकी कमी कशी, याचं नवल मला तिथे सतत वाटत राहिलं. म्हणून रायपूरचं बूढा तालाब हे तळं आणि गढकलेव्यातला चीला-फरा हा खाऊ बाजूला ठेवून पुस्तकांबद्दलच सांगते.

पहिलं घ्या विनोदकुमार शुक्लांचं ‘दीवार में एक खिड़की रहती थी’. शुक्ल जन्मले राजनांदगावात, पण उभा जन्म रायपुरात काढला, तिथल्या कृषी विद्यापीठात शिकवलं आणि २०२५ च्या डिसेंबरात तिथेच गेले. १९९७ च्या या कादंबरीत गणिताचे प्राध्यापक रघुवर प्रसाद आणि त्यांची नवी नवरी सोनसी भाड्याच्या एका खोलीत राहतात. टेम्पोची वाट पाहत ताटकळणाऱ्या प्राध्यापकांना एक साधू हत्तीवर बसवून कॉलेजात सोडू लागतो. खोलीच्या खिडकीतून दोघं पलीकडे उतरतात, तर तिथे नदी, तळी आणि चहा पाजणारी म्हातारी. जादू केल्याचा आव कुठेच नाही. एका खोलीतल्या संसाराच्या कथा मराठी वाचकाला नव्या नाहीत. त्यांत बहुधा घुसमट असते. इथे गरिबी झाकलेली नाही, तरी माणसं सुखी व्हायला तिची परवानगी मागत नाहीत. हे मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आणि हे वाचतात किती जण! या एका कादंबरीच्या सहा महिन्यांच्या विक्रीपोटी सप्टेंबर २०२५ मध्ये रायपुरातच शुक्लांना ३० लाख रुपयांचा धनादेश मिळाला. ज्ञानपीठ आणि अमेरिकेतला पेन-नाबोकोव्ह पुरस्कारही त्यांना मिळाले, पण मला जास्त हरखून टाकलं ते ही कादंबरी विकत घेणाऱ्या वाचकांनी. नंतर त्यांचीच ‘नौकर की कमीज’ (१९७९) वाचा. साहेबाने नोकरासाठी शिवून ठेवलेला सदरा कारकून संतूबाबूला नेमका बसतो, एवढ्यावरून सगळी कचेरी उघडी पडते. मणी कौलांनी या कादंबरीवर चित्रपट केला.

कवितेसाठी मात्र राजनांदगावला उतरावं लागतं. दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. घरात मराठी, लेखन हिंदीत. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी. कोवळ्या वयातल्या शुक्लांच्या कविता मुक्तिबोधांनीच पुढे पाठवल्या. महाविद्यालयाच्या आवारातलं, तळ्याकाठचं त्यांचं घर आता स्मारक आहे. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला संग्रह १९६४ मध्ये निघाला, तो त्यांच्या मृत्यूनंतर. त्यातली ‘अँधेरे में’ लांब आहे, दमवते. एका बैठकीत वाचू नका. पण सोडूही नका.

छत्तीसगढ आणि मराठी माणूस हा धागा त्याहून जुना आहे. १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे मराठी भाषक होते. टिळकांचं ‘गीतारहस्य’ त्यांनीच हिंदीत नेलं. १९०१ ची त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ अनेक जण हिंदीतली पहिली कथा मानतात. दोनेक पानांत एक विधवा, तिची झोपडी आणि जमीनदार. सव्वाशे वर्षांनीही ती झोंबते.

आत्मकथनासाठी नाटककार हबीब तनवीर. जन्म १९२३ चा, रायपूरचा; पदवी नागपूरच्या मॉरिस कॉलेजची. उर्दूतल्या त्यांच्या आठवणी महमूद फारूकींनी इंग्रजीत आणल्या, २०१३ मध्ये. रायपूरचं बालपण, नागपूर, अलिगढ, मुंबईचे इप्टाचे दिवस असं सगळं गप्पांच्या ओघात येतं. १९५८ मध्ये त्यांनी ‘नाचा’ या छत्तीसगढी लोकनाट्याचे सहा कलावंत दिल्लीला नेऊन ‘मिट्टी की गाड़ी’ हे नाटक उभं केलं, पुढे ‘चरणदास चोर’ आला. आठवणींचे तीन खंड लिहायचा बेत होता. २००९ मध्ये ते गेले तेव्हा एकच लिहून झाला होता. त्या नाचा कलावंतांबद्दल त्यांच्याच लेखणीतून वाचायला मिळालं असतं, तर मी ते पुस्तक या यादीत सगळ्यांत वर ठेवलं असतं.