तुराटीची काडी

आत्याचा काडीमोड झाला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तरी तो प्रसंग मला पाठ आहे, कारण आमच्या घरात तो इतक्या वेळा आणि इतक्या हळू आवाजात सांगितला गेला आहे. 2001 सालचा उन्हाळा. आमच्या ओसरीवर पाच पंच बसलेले. शंभर रुपयांचा स्टॅम्पपेपर, दोन्हीकडचे अंगठे, आणि तुराटीची एक काडी. ती मोडली, आणि आत्याचा दहा वर्षांचा संसार गावाच्या लेखी संपला.

दोन वर्षांनी आत्याचा पाट लागला. रात्री, वाजंत्रीशिवाय, चार माणसांत. नवे मामा विधुर होते, मूलबाळ नव्हतं. दोघांनी मिळून दोन खोल्यांचं घर बांधलं, एक एकर कोरडवाहू शेत राखलं. मामांनी मला सायकल शिकवली. पण शाळेत असताना एका मैत्रिणीने विचारलं, "हे तुझ्या आत्याचे पहिले का दुसरे?" तेव्हा मी विषय बदलला होता. 'पाट' हा शब्द मला तेव्हा उच्चारवत नसे. हे आज लिहिताना संकोच वाटतो, पण लिहायलाच हवं.

2023 च्या पावसाळ्यात मामा गेले. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मामांचे पुतणे आले. चहा घेतला. मग थोरला म्हणाला, "काकू, आम्ही तुम्हाला काकूच म्हणतो. पण कागदावर तुम्ही कोण?"

हा प्रश्न घेऊन आम्ही तालुक्याला वकीलबाईंकडे गेलो. आत्या, बाबा आणि मी. 'शिकलेली पोरगी सोबत असू दे' म्हणून माझी नेमणूक झाली होती. वकीलबाईंनी पिशवीतले कागद टेबलावर पसरले. रेशनकार्डावर आणि मतदारयादीत आत्याच्या नवऱ्याचं नाव मामांचं. बँकेच्या जुन्या पासबुकावर मात्र पहिल्याचं, ते बदलायचं राहूनच गेलेलं. बाई म्हणाल्या, "दोन प्रश्न आहेत. दुसरं लग्न झालं का, आणि त्याआधी पहिलं मोडलं होतं का? दुसरा आधी सुटला पाहिजे."

योगायोग असा की त्याच सत्रात आमचे सर समाजशास्त्राच्या तासाला विवाहसंस्था शिकवत होते. अमेरिकेत टेक्सास, कोलोराडो अशा काही राज्यांत 'कॉमन लॉ मॅरेज' मानतात, असं त्यांनी सांगितलं. भटजी नाही, नोंदणी नाही; दोघांनी एकमेकांना नवराबायको मानलं, तसे राहिले, चारचौघांत तसं सांगितलं, की लग्न. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "मग सर, घटस्फोटही तसाच?" सर म्हणाले, "तिथंच तर गंमत आहे. लग्न कोर्टाबाहेर होतं, मोडायला मात्र कोर्टातच जावं लागतं. 'कॉमन लॉ घटस्फोट' नावाची वस्तू नाही." वर्ग हसला. मला हसू आलं नाही.

आपल्याकडे चित्र थोडं वेगळं आहे. फार काळ नवराबायकोसारखे राहिलेल्यांचं लग्न झालेलंच असावं, असं न्यायालय गृहीत धरतं. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे पन्नास वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याच्या बाबतीत हेच म्हटलं. इतक्या वर्षांनी भटजी आणि साक्षीदार कुठून आणायचे? पण दोघांपैकी एकाचं आधीचं लग्न जिवंत असेल, तर हे गृहीतक उभंच राहत नाही. म्हणजे आत्याची वीस वर्षं त्या एका काडीवर टेकलेली.

आणि काडीला कायद्यात जागा आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29 मध्ये रूढीने चालत आलेला घटस्फोटाचा हक्क राखून ठेवला आहे. मी हे कलम वाचून उड्या मारत वकीलबाईंकडे गेले. त्यांनी चष्मा काढला. "हक्क राखलाय, पण रूढी सिद्ध कोण करणार? ती जुनी हवी, अखंड हवी, निश्चित हवी. पंचांनी केलं म्हणून कोर्ट मानत नाही." 1876 सालीच मुंबईच्या उच्च न्यायालयाने सांगून टाकलं होतं, की लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार आम्ही मानणार नाही. 2002 साली सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं, की रूढीचा घटस्फोट हा अपवाद आहे, तो नीट मांडून पुराव्याने शाबीत करावा लागतो.

पाटाचंही तेच. 1965 चा एक निकाल आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. पहिली बायको असताना एकाने गांधर्व पद्धतीने दुसरं लग्न केलं. होम नाही, सप्तपदी नाही, आणि त्यांच्याशिवाय लग्न लावण्याची रूढीही सिद्ध झाली नाही. म्हणून ते लग्नच नव्हे, म्हणून गुन्हाही नव्हे. रूढी सिद्ध झाली नाही म्हणून तिथे पुरुष सुटला. आमच्याकडे सिद्ध झाली नाही तर बाई घराबाहेर. बायको ठरली तर आत्या मामांची पहिली वारस. नाही ठरली तर घर आणि शेत पुतण्यांचं.

"तेव्हाच कोर्टात का नाही आलात?" वकीलबाईंनी बाबांना विचारलं. परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची सोय कायद्यात 1976 पासून आहे. नाहीतर रूढीप्रमाणे काडीमोड झाला, असं दिवाणी कोर्टाकडून जाहीर तरी करून घ्यायचं. पाट लागला तेव्हा राज्यात विवाहनोंदणीचा 1998 चा कायदाही होता. बाबा खाली बघत म्हणाले, "पंच होते ना."

ते पंच आता कुठे? पाचांपैकी चार वारले. उरलेले आबा ऐंशीच्या पुढे. मी आणि आत्या त्यांच्याकडे गेलो. त्यांना त्या दिवशीचं जेवण आठवत होतं, आमटी फार तिखट झाली होती हेही आठवत होतं. काडीमोड कोणाचा, ते आठवेना.

आधार म्हणून मी आपल्या ग्रंथालयातून सिराज-उल-हसन यांचा निजाम राज्यातील जातीजमातींवरचा 1920 सालचा ग्रंथ शोधून काढला. (ग्रंथपाल सरांनी तो स्वतः शिडीवर चढून काढून दिला.) आमच्या जातीत घटस्फोट चालतो, पाट लागतो, हे त्यात छापलेलं पाहून मला विचित्र आनंद झाला. ज्या शब्दाची मला लाज वाटत होती, तोच आता मी पानापानांतून शोधत होते. वकीलबाई म्हणाल्या, "चांगलं आहे. पण गावात हे खरंच होत होतं, ते सांगायला माणूस लागेल."

त्या रात्री मी हे घरी सांगत होते. आजी चुलीपुढे बसली होती. एकदम म्हणाली, "तुराटीची कुठली? पळाटीची व्हती. म्याच दिली की सरपनातली."

आम्ही सगळे थबकलो. आजी त्या दिवशी दारामागे उभी होती. पंचांनी काडी मागितली, ती तिनेच आतून दिली. कोण काय बोललं, अंगठे कोणी आधी उठवले, पहिल्या मामांनी 'माझा हक्क उरला नाही' हे कोणत्या शब्दांत म्हटलं, सगळं तिला ठाऊक. तिच्या माहेरी, आमच्या गावात, तिने पाहिलेले सात काडीमोड आणि त्यांनंतरचे पाट तिने बोटांवर मोजून दाखवले. बाबा म्हणाले, "आई, इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"कोन इचारलं मला?"

त्या स्टॅम्पपेपरवर पाच साक्षीदार आहेत. पाचही पुरुष. वकीलबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. कागदावर सही नसली म्हणून काय झालं, डोळ्यांनी पाहिलेलं सांगणारी साक्षीदार आहे ती, म्हणाल्या.

आजीची साक्ष आता लागली आहे. ती रोज संध्याकाळी ते सात काडीमोड पुन्हा मोजते. एकदा आठ झाले, तेव्हा आत्याने हटकलं, तर आजी म्हणाली, "तुझा धरून." तारीख नेमकी आमच्या परीक्षेच्या आठवड्यात आली आहे. सकाळचा पेपर टाकून मी थेट कोर्टात जाणार आहे. तिथला जिना उंच आहे, आणि आजीला हात द्यायला कोणीतरी हवं.