व्हॅन, व्हॉल्व्ह आणि शेंगाचटणी

'सोलापूरला चाललोय, चार दिवस,' असं ऑफिसात सांगून बघा. समोरून येणारे प्रश्न ठरलेले असतात. लग्न आहे का कुणाचं? कोणी आजारी आहे का? निदान चादरी तरी आणशील ना? फिरायला म्हणून सोलापूरला कुणी जातं, हे आपल्याला पटतच नाही. पुण्याहून जेमतेम अडीचशे किलोमीटर, रस्ता झकास, तरी हे शहर म्हणजे हैदराबादच्या वाटेवरचा चहाचा थांबा! तर गेल्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी सोलापूरला गेलो, तो चक्क प्लंबिंगसाठी. हसू नका.

झालं असं, की माझ्या एका सोलापूरकर मित्रानं आयटीतली नोकरी सोडली आणि साठवलेले सगळे पैसे एका कॅराव्हॅनमध्ये घातले. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेलं चाकांवरचं घर. चार बर्थ, छोटा ओटा, बेसिन, शॉवर, टॉयलेट, सहा लिटरचा गीझर, शंभर लिटरची पाण्याची टाकी. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हा किडा त्याच्या डोक्यात वळवळत होता. पहिलं बुकिंगही मिळालं. जानेवारीत हिमाचल, किन्नौरमधलं कल्पा. उंची तीन हजार मीटरच्या जरा खाली आणि रात्री तापमान शून्याच्या चांगलंच खाली.

आणि निघायला आठ दिवस असताना व्हॅन रात्री टकटकायला लागली. सगळे नळ बंद, सगळे झोपलेले, तरी दर दहा मिनिटांनी पाण्याचा पंप आपोआप दोन सेकंद चालू होऊन बंद. ज्यांनी व्हॅन बांधली त्यांचं फोनवर उत्तर, 'थोडं चालतंच सर.' चालत नाही हो. त्या पंपाला प्रेशर स्विच असतो. लाइनमधला दाब उतरला की तो सुरू होतो. नळ बंद असताना दाब उतरतोय म्हणजे पाणी कुठून तरी जातंय, आणि इथे ते जाणार प्लायवूडच्या भिंतीत. प्लाय फुगला की फर्निचर गेलं, फर्निचर गेलं की बुकिंग गेलं. मित्राचा चेहरा बघवत नव्हता.

त्याच्या आईनं मात्र शांतपणे सांगितलं, 'आपल्या अण्णांना बोलव की.'

इथे थोडं विषयांतर. सोलापूरचा प्लंबर ही साधी गोष्ट नाही. उजनी धरण १९८० साली पुरं झालं. ११७ टीएमसीचं अवाढव्य धरण, आणि ते याच जिल्ह्यात. तरी शहरानं कित्येक वर्षं चार-चार, पाच-पाच दिवसांआड येणाऱ्या नळावर संसार केलाय. धरणातून पाणी शंभराहून जास्त किलोमीटर पाइपातून यायचं. त्याआधीचा आधार म्हणजे इंग्रजांनी आदिला नदीवर बांधलेला एकरुख तलाव, १८७१ चा. सोलापूरकर त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतात. संध्याकाळी बाइक काढून जायला मस्त जागा आहे. तर सांगायचा मुद्दा, पाणी रोज येत नसलं की प्रत्येक घर एक छोटं वॉटरवर्क्स होतं. खाली हौद, वर टाकी, मधे मोटर, बोअरच्या जड पाण्याची लाइन वेगळी, नळाची वेगळी, दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत म्हणून कॉक. इथल्या दहावीतल्या पोरालाही नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणजे काय ते माहीत असतं. आपण मात्र पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये नळ गळला की सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकतो!

अण्णा आले ते लुनावर. मागे पिशवीत पाइप-पाना, टेफ्लॉन टेप, वायसरची बरणी. वय साठीच्या पुढे. पोऱ्याशी तेलुगूत, हार्डवेअरवाल्याशी कानडीत आणि आमच्याशी अस्सल सोलापुरी मराठीत. वडील गिरणीत होते, म्हणाले. व्हॅनमध्ये चढले, एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, 'हे तर आमचंच घर हाय की. फकस्त चाकं लावलेली.' टाकी, मोटर, गीझर, दोन नळ. साठवलेल्या पाण्यावर जगणारं घर. कॅराव्हॅनची याहून नेमकी व्याख्या मी कुठल्याही चकचकीत ब्रोशरमध्ये वाचलेली नाही.

मग त्यांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. पंपाच्या तोंडाशी लगेच एक कॉक होता. तो बंद केला आणि सगळ्यांना गप्प बसवलं. वीस मिनिटं. टकटक नाही. 'मोटर चांगली हाय. पुढं लाइनीत लीक हाय.' टकटक चालूच राहिली असती तर पंपाचा आतला व्हॉल्व्ह गेला, असा त्याचा अर्थ. कॉक उघडला आणि प्रत्येक जोडावर कोरडा वर्तमानपत्राचा कागद दाबत गेले. गीझरच्या मागच्या एल्बोला कागद ओला. केसाएवढी चीर. घरात वापरतात तसा कडक सीपीव्हीसी पाइप गाडीत घातलेला, दोन्ही टोकांना घट्ट आवळलेला. घर जागचं हलत नाही, गाडी हलते. हजार किलोमीटर हादरे बसले की तो कडक जोड तडकणारच.

अण्णांनी तो तुकडा कापला, तिथे लवचीक पेक्स पाइप टाकला, पंपाला आणि गीझरला दोन्ही बाजूंनी स्टीलच्या जाळीची होज लावली आणि प्रत्येक क्लॅम्पखाली सायकलच्या ट्यूबचा रबर घातला. दुपारपर्यंत काम फत्ते. त्या रात्री पंप एकदाही वाजला नाही.

पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी. गळती थांबली, आता थंडीचं बघायचं होतं. सोलापुरात डिसेंबरची पहाट म्हणजे स्वेटर आणि मफलर, फार तर. उन्हाळ्यात पारा ४४ पर्यंत जाणाऱ्या या गावात नळात बर्फ होतो, हे समजावायचं कसं? मित्रानं सांगितलं, पाण्याचं बर्फ झालं की ते साधारण नऊ टक्के फुगतं, मग पाइप फुटतो. अण्णांनी क्षणभर विचार केला. 'फ्रीजरमधली बाटली फुटती, तसं?' बरोब्बर तसं! 'मग पाणी ठिवायचंच कशाला?'

थंड देशातले लोक दर हिवाळ्याआधी कॅराव्हॅनच्या नळांची जी तयारी करतात, तिचं सगळं सार याच प्रश्नात आहे. लाइन रिकामी करायची. पूर्ण. थेंबही नको. बोलायला सोपं, करायला कटकटीचं, कारण पाणी वळणात, गाळणीत, शॉवरच्या होजमध्ये लपून बसतं. अण्णांनी गवंडी लोकांची लेव्हलची पारदर्शक नळी आणली, लाइनचा सगळ्यात खालचा बिंदू शोधला आणि तिथे गरम-थंड दोन्ही लाइनींना एकेक ड्रेन कॉक बसवला. आधी गीझर बंद करून गार होऊ दिला. (रिकामा गीझर चालू राहिला तर कॉइल जळते, हे लक्षात ठेवा.) मग सगळे नळ उघडे आणि खालचे कॉक सोडले.

आणि इथे काम दहा मिनिटं थांबलं. टाकीतलं पाणी गटारात सोडायला कुणी तयारच होईना! मित्राची आई, शेजारच्या काकू, अण्णांचा पोऱ्या, सगळे बादल्या घेऊन रांगेत. शंभर लिटर पाणी, वाया कसं घालवायचं? अंगण धुतलं, गाडी धुतली, उरलेलं ड्रममध्ये गेलं. मला हे दृश्य फार आवडलं.

टाकी रिकामी झाली तरी पाइपात पाणी उरतंच. ते हवेनं उडवावं लागतं. टायरचा एक व्हॉल्व्ह अण्णांनी पितळी एंड-कॅपमध्ये बसवून घेतला आणि व्हॅन नेली जुन्या पुणे नाक्याजवळच्या पंक्चरवाल्याकडे. त्यानं टायरकडे बघितलं. 'टायर टाइट हाय.' अण्णा म्हणाले, 'टायरला नको. नळाला हवा भर.' पंक्चरवाल्यानं आधी अण्णांकडे, मग आमच्याकडे बघितलं, पण भरली! दाब ३० पीएसआयच्या आसपास ठेवायचा. टायरसारखा ५०-६० दिला तर जोडच उडतील. मग लांबच्या नळापासून एकेक नळ उघडायचा. आधी पाणी, मग फुर्र फुर्र, मग नुसती कोरडी हवा. शॉवर, बेसिन, टॉयलेटचा फ्लश, सगळं असंच.

उरले बेसिनखालचे वाकडे पाइप आणि पंपाचं पोट, जिथे हवा पोचत नाही. त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ घालतात. मित्रानं दोन कॅन आणले होते. हार्डवेअरवाल्यानं 'हे कशाला, रेडिएटरचं कूलंट घाला की, स्वस्त पडंल' असं सुचवलं. अजिबात नको. ते बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते विषारी. पिण्याच्या पाण्याच्या लाइनमध्ये ते कधीच घालायचं नाही. प्रॉपिलीनवालं चालतं, फक्त परत आल्यावर लाइन भरपूर पाण्यानं धुऊन घ्यायची.

म्हणजे कल्पाला पोचेपर्यंत व्हॅनमधला शॉवर फक्त शोभेचा. प्यायला आणि हात धुवायला आत केबिनमध्ये वीस लिटरचे दोन जार. ग्राहकांना हे आधीच सांगून टाक, असं मी मित्राला म्हटलं. त्यानं सांगितलं. बुकिंग टिकलं.

मधल्या वेळात सोलापूर पाहिलं, ते असं तुकड्या-तुकड्यांनी. सिद्धेश्वर तलावातलं देऊळ, पलीकडे भुईकोट किल्ला. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेची तयारी सुरू होती. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग खडखडत होते. एका संध्याकाळी शेतावर हुरडा, गरम ज्वारी, सोबत शेंगाचटणी आणि गूळ. कडक भाकरी पाकीट भरून घेतल्या. या भाकरीत पाणी नसतं म्हणून टिकते, हे प्लंबिंगच्या चार दिवसांनंतर जरा जास्तच पटलं.

३१ तारखेला व्हॅन निघाली. सोलापुरातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, धुळे, इंदूर, जयपूर करत थेट पंजाबात संगरूरला पोचतो. घराबाहेरून एकच रस्ता धरायचा, हिमाचलच्या उंबऱ्याजवळ सोडायचा. माझी रजा संपली होती. मी पुण्याच्या गाडीत बसलो, बॅगेत दोन किलो चटणी.

नऊ-दहा दिवसांनी मित्राचा कल्पाहून फोन. बाहेर बर्फ, व्हॅन कोरडी, एकही जोड फुटलेला नाही. त्यानं आधी अण्णांना फोन केला होता. अण्णांनी पाइपाचं विचारलं, पंपाचं विचारलं आणि मग विचारलं, तिथल्या घरांतले नळ कसे फुटत नाहीत? मित्र ज्या घराच्या अंगणात उभा होता तिथे रात्रभर नळ बारीक चालू ठेवतात. वाहतं पाणी लवकर गोठत नाही ना.

पलीकडे बराच वेळ शांतता.

'रातभर? चालू?' अण्णांनी विचारलं. 'अन्‌ कोण काय बोलत नाय?'