काठीच्या पोटातलं गुपित

मित्रांनो, तुमच्या घराला माळा आहे का? सांगवीच्या आमच्या जुन्या घराला होता. मी सातवीत असताना दिवाळीच्या साफसफाईत तिथे पणजोबांची काठी सापडली. काळीभोर, पितळी मुठीची. झालं! मी आणि माझा मावसभाऊ अंगणात लढाई खेळू लागलो. त्यानं काठीचं टोक धरून खेचलं आणि काठी त्याच्याच हातात गेली. माझ्या हातात उरलं लांबलचक पातं! त्याच्या गळ्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर.

"अगं बाई, ही तर गुप्ती!" आजी ओरडली.

संध्याकाळी बाबांनी पातं मोजलं. अठरा इंच! "ही घरात ठेवता येणार नाही," ते म्हणाले. शस्त्र कायदा १९५९ सालचा. त्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची शस्त्रं मोडतात, आणि तलवारीबरोबर गुप्तीचा उल्लेख मुद्दाम केलेला आहे. २०१६ साली नियम नव्यानं झाले, तरी गुप्ती त्या यादीत आहेच.

"मग आजीची विळी?" मी विचारलं.

"विळी घरकामासाठी, कोयता शेतीसाठी. अशा अवजारांना सूट आहे. पण गुप्ती कशासाठी बनवली, सांग बरं?"

मी गप्प. मग एकदम आठवलं, "महाराजांनीही वाघनखं लपवली होती की!"

"ती १६५९ साली, प्रतापगडाच्या पायथ्याशी, समोर दगा दिसत असताना. तू कुणावर चालवणार होतास? मावसभावावर?"

बंदुकीचंही तसंच, बरं का. स्फोटक दारूच्या किंवा दुसऱ्या कुठल्या शक्तीनं गोळी फेकणारं कोणतंही शस्त्र कायद्याच्या लेखी बंदूकच. मग ते पेनासारखं दिसो की छत्रीसारखं. रूप बदललं म्हणून परवाना चुकत नाही. ब्रिटनमध्ये तर दुसऱ्या वस्तूचं सोंग घेतलेल्या बंदुकीवर वेगळी बंदीच आहे. कारण उघडी तलवार दिसली की माणूस सावध होतो. काठीपासून कोण सावध राहील? तिला तर आपण विश्वासानं हात लावतो.

आजीचं मन मात्र तयार होईना. "सासऱ्यांची एवढीच आठवण उरलीय रे," ती म्हणाली. रात्रभर ती काठी तिच्या उशाशी होती. सकाळी तिनंच ती जुन्या धोतरात गुंडाळली. "नातवाच्या गळ्यापेक्षा आठवण मोठी नाही. चल, मीही येते." ठेवण्याचा हक्क नसलेलं शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात जमा करावं, असं कायद्याचं २१वं कलम सांगतं. बाबांनी आणि आजीनं तेच केलं.

नंतर बाबांनी आजीला साधी बांबूची काठी आणली. मी तिची मूठ पिळून पाहिली. काही निघालं नाही. आजी खुदकन हसली.

तेव्हा दोस्तांनो, माळ्यावर असं काही सापडलं तर ओढून बघू नका, मित्रांना दाखवायला नेऊ नका. आधी मोठ्यांना हाक मारा. आमच्या वेळी एक वीत मध्ये होती. ती दर वेळी असेलच असं नाही.