उद्याची मराठी

सीमाभागात कुणी वाचायला पुस्तक मागितले, की हात आपोआप ऐतिहासिक कादंबरीकडे जातो. गड, पेशवाई, थोरांची चरित्रे. आमच्या वाचनालयाच्या कपाटांत कालची वाण नाही. यंदा कॉलेजात जाणाऱ्या भाचीने विचारले, "मामा, मराठीत पुढचं काही नाही का?" तेव्हा तिच्यासाठी मी विज्ञानकथांची यादी केली. तीच इथे देतो.

पहिले नाव अर्थातच जयंत नारळीकरांचे. मे २०२५ मध्ये ते गेले. जन्म १९३८ चा, कोल्हापूरचा. पण बालपण नि शिक्षण बनारसला, पुढे केंब्रिजला. म्हणजे आपल्यासारखीच त्यांचीही मराठी भोवतालच्या दुसऱ्या भाषेत घरात सांभाळलेली. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने, स्वतःची आद्याक्षरे उलटी करून, धाडली आणि बक्षीस मिळवले. १९७९ चा 'यक्षांची देणगी' हा संग्रह आधी वाचावा. 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा तर जरूर वाचावी. माणूस आरशातल्यासारखा उलटा झाला तर काय होईल, हा अवघड विचार त्यांनी गणपतीच्या मूर्तीवरून सहज समजावला आहे.

ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचावे. त्यात १७६१ ची लढाई मराठे जिंकतात. पण विजयाचे ढोल वाजत नाहीत. सभांचे अध्यक्षपद भूषविण्याची सवय असलेले पंत त्या जगातल्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसतात, आणि तिथल्या श्रोत्यांना अध्यक्षीय भाषण मुळीच नको असते! संमेलने भरविणाऱ्या आपण मंडळींनी हा चिमटा हसत सोसावा.

पुढची पायरी म्हणजे सुबोध जावडेकरांचा 'गुगली', आणि लक्ष्मण लोंढे व बाळ फोंडके यांच्या कथा. फोंडक्यांनीच संपादित केलेला 'इट हॅपन्ड टुमॉरो' हा संग्रह नॅशनल बुक ट्रस्टने १९९३ मध्ये काढला. तो इंग्रजीत आहे. पण नारळीकर, लोंढे यांच्या शेजारी त्यात कन्नडचे राजशेखर भूसनूरमठही आहेत. इथल्या मराठी आणि कन्नड मुलांनी मिळून वाचावा असा हा ग्रंथ. अलीकडचे हवे असेल तर तरुण सेंट यांनी संपादित केलेला, दक्षिण आशियाई विज्ञानकथांचा २०१९ चा 'गोलान्झ' संग्रह पाहावा. भारत, पाकिस्तान, बांगलादेश इथले लेखक त्यात एकत्र आले आहेत.

आपल्याकडे मराठी जपायची म्हणजे आठवणी जपायच्या, असे होऊन बसले आहे. त्यात गैर काही नाही. परंतु ज्या भाषेत मुलाला उद्याचे स्वप्न पडत नाही, ती भाषा तो देव्हाऱ्यात ठेवतो. कामाला दुसरी घेतो. म्हणून वाचनालयांच्या चालकांना एक विनंती. ही पुस्तके बालविभागातून काढून दर्शनी कपाटात, कादंबऱ्यांच्या शेजारी मांडावीत.