टॅम लिनचा हात

अपघातातून वाचलेल्या माणसाचे टाके निघतात, हाड जुळते, प्लास्टर उतरते आणि घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. वाचकहो, पुष्कळ घरांत खरा कसोटीचा काळ यानंतरच सुरू होतो. त्या काळाविषयी मला नव्याने विचार करायला लावले ते एका इंग्रजी लोकगीतांच्या ध्वनिमुद्रिकेने. एरवी माझे ऐकणे नाट्यसंगीत आणि भावगीते यांपलीकडे फारसे जात नाही. रात्री दवाखाना आटोपल्यावर ही गाणी सहज कानावर पडली आणि मी त्यांच्यामागचा इतिहास वाचू लागलो.

‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ हा विशीतल्या मुलामुलींचा लंडनचा वाद्यवृंद. १२ मे १९६९ रोजी पहाटे, बर्मिंगहॅमचा कार्यक्रम आटोपून परतताना त्यांची गाडी महामार्गावर उलटली. अवघ्या १९ वर्षांचा ढोलवादक मार्टिन लँबल गेला. गिटारवादक रिचर्ड थॉम्पसन याची मैत्रीणही गेली. उरलेल्यांपुढे प्रश्न होता, पुन्हा वाजवायचे की थांबायचे?

त्यांनी हॅम्पशायर परगण्यात, फार्ली चेंबरलेन या खेड्यात एक घर भाड्याने घेतले आणि तो उन्हाळा एकत्र काढला. अ‍ॅशली हचिंग्ज लंडनच्या सेसिल शार्प हाउसमधील संग्रहांतून जुनी गाणी शोधून आणी, डेव्ह स्वॉर्ब्रिक व्हायोलिनवर सूर धरी, सँडी डेनी गाई. रोज उठावे, एकत्र जेवावे, एकत्र वाजवावे, असा तो क्रम. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘लीज अँड लीफ’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. इंग्रजी लोकगीते विजेच्या गिटारवर गाण्याच्या परंपरेतील ती महत्त्वाची कृती मानली जाते.

मला नवल वाटले ते गाण्यांच्या निवडीचे. दुःखातून उठणाऱ्या माणसांनी हसरी गाणी निवडावीत, अशी आपली अपेक्षा. यांनी निवडले ‘मॅटी ग्रोव्ह्ज’. त्यात एक सरदार आपल्या पत्नीला आणि तिच्या प्रियकराला ठार करतो. थॉम्पसन आणि स्वॉर्ब्रिक यांनी जुन्या वळणाचे एक नवे गीतही रचले. त्यातला माणूस एका कावळ्याला मारतो आणि पाहतो तो ती त्याचीच प्रेयसी. ‘ती गेली, मी का उरलो?’ हा वाचलेल्यांना छळणारा प्रश्न मला त्या गीतात ऐकू येतो.

आपल्या घरांत अशा वेळी काय होते? ‘तो विषय काढू नका’ असे सर्वांना बजावले जाते. मृत मित्राचे छायाचित्र कपाटात जाते. मोटारसायकलच्या अपघातात मित्र गमावलेल्या एका तरुणाची आई मला म्हणाली होती, “डॉक्टर, पाय बरा झाला, पण हा माझा मुलगाच राहिला नाही हो. अंगावर धावून येतो, नाहीतर दिवस दिवस बोलत नाही.” त्या घरातही मित्राचे नाव कोणी घेत नव्हते.

त्या माउलीला मी ‘टॅम लिन’ची गोष्ट सांगितली. हेही याच ध्वनिमुद्रिकेतले सुमारे सात मिनिटांचे गाणे. पऱ्यांच्या राणीने पळवलेल्या टॅम लिनला सोडवायचा मार्ग एकच असतो. जॅनेटने त्याला घट्ट धरून ठेवायचे. राणी त्याचा साप करील, सिंह करील. जॅनेटने भ्यायचे नाही, हात सोडायचा नाही. शेवटी तिच्या मिठीत उरतो तो माणूसच. ती माउली बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “म्हणजे चिडला तरी मी खोलीतून उठून जायचे नाही.”

गाणे हे औषध नव्हे, हे मी स्पष्टच सांगतो. आघातानंतर काही दिवस दचकणे, झोप उडणे, चिडचिड होणे स्वाभाविक आहे. मात्र भयस्वप्ने, प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, त्या रस्त्याकडे फिरकणेही टाळणे, हे महिन्याहून अधिक टिकले तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. जीव नकोसा झाल्याचे बोलणे निघाले तर एक दिवसही थांबू नये. धरून ठेवणे याचा अर्थ मार सोसणे असाही नव्हे. हिंसा होत असेल तर मदत मागावी.

उरलेले काम मात्र घरच्यांचेच. जेवणाची वेळ एकच ठेवा. गेलेल्याचे नाव घ्या. जबरदस्तीने बोलते करू नका, पण तो बोलू लागला तर विषय बदलू नका. आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर बसून सासुरवास आणि गेलेली माणसे ओव्यांतून आळवलीच होती. शेजारी दळणारी बाई ते ऐके आणि खुंट्याला हात लावी. घरात अशा ओव्या आठवणारे कोणी असेल तर त्यांना जरूर म्हणायला सांगा. दुखावलेला माणूस कदाचित शेजारच्या खोलीतून ऐकत असेल. दार तेवढे उघडे ठेवा.